स्पेनमधल्या पाम्प्लोनाला एका रात्रीत ठरवून गेलो. मित्राला बैलांपुढे धावू दिलं नाही. चुकलं का माझं?

भटका_पाय

शुक्रवारी दुपारी जेवताना विषय निघाला आणि रात्री दहाच्या बसमध्ये आम्ही तिघे बसलेलो होतो. बार्सिलोना ते पाम्प्लोना, पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास. राहायची सोय काहीच नव्हती. सान फेर्मीन या संताचा उत्सव ६ ते १४ जुलै असतो आणि त्या दिवसांत आयत्या वेळी खोली मिळायची आशाच नको. पाठीवर एकेक सॅक, एवढंच सामान. पहाटे उतरलो तर बसस्थानक जमिनीखाली, आणि वर आलं की समोर जुन्या किल्ल्याची हिरवळ. त्या हिरवळीवर शेकडो माणसं पांढऱ्या कपड्यांत झोपलेली. गळ्यात लाल रुमाल, उशाला बूट. सगळ्या गावाला एकदम झोप लागावी तसं दृश्य होतं. आम्हीही टपरीवरून रुमाल घेतले आणि गळ्यात बांधले.

बैलांची धाव, म्हणजे एन्सिएरो, ७ तारखेपासून रोज सकाळी ठीक आठला. सांतो दोमिंगोच्या उतारावरचा कोंडवाडा उघडतो, सहा झुंजीचे बैल आणि त्यांना वाट दाखवणारे घंटावाले बैल सुटतात आणि गावातल्या गल्ल्यांतून सुमारे ८७५ मीटर धावत झुंजीच्या रिंगणात शिरतात. सगळं अडीच-तीन मिनिटांत आटोपतं.

पावणेसातला माझा एक मित्र म्हणाला, मी आत उतरतोय. रात्रभर झोप नाही, बसमधून उतरल्यावर कालिमोचोचे (कोला घातलेली लाल वाइन) दोन मोठे पेले पोटात. गल्ली कुठे वळते हे त्याने फोनवर बघितलेलं. मी त्याचा दंड धरला आणि सोडलाच नाही. रस्त्यात भांडलो आम्ही. साडेसातला पोलिसांनी आत जायची वाट बंद केली आणि विषय संपला. म्हणजे मला वाटलं संपला. आज इतक्या दिवसांनी तो म्हणतो, "आयुष्यात एकदा येणारी गोष्ट तू माझ्याकडून हिसकावलीस."

मला अजूनही वाटतं मी बरोबर केलं. एका रात्रीत ठरवून तिथे जरूर जावं. कुंपणावर बसावं, गाणी ऐकावीत, नाचावं. पण धावू नये. ज्यांची गल्ली त्यांची धाव, ज्यांना ती पाठ आहे त्यांची. तुम्हाला काय वाटतं?

वाऱ्यावर

पूर्ण असहमत. मी धावलोय आणि तोही असाच ठरवून. तेव्हा सान सेबास्तियानला शिकत होतो, तिथून बसने तासाभराचं अंतर. रात्री अकराला पोहोचलो, किल्ल्यावरची आतषबाजी बघितली, दारूला हात लावला नाही, पहाटेपर्यंत गल्ली तीन वेळा चालून काढली. मेर्कादेरेस गल्लीतून एस्ताफेता गल्लीत शिरताना जो काटकोनी वळसा आहे तिथे बैल घसरून बाहेरच्या बाजूच्या कुंपणावर आदळतात, म्हणून वळताना आतल्या बाजूला राहायचं, हे मला तिथल्याच एका काकांनी खुणा करून समजावलं. हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र दिलं. धावणारे बरेच जुनेजाणते ते हातात धरतात. मागे हात लांब करून बैल किती अंतरावर आहे याचा अंदाज त्याने येतो.

आठच्या आधी उतारावर कोनाड्यातल्या सान फेर्मीनच्या छोट्या मूर्तीपुढे तीनदा गाणं म्हणतात. मला त्या भाषेतलं निम्मंच कळत होतं, पण शेवटच्या वेळी आजूबाजूचे सगळे गप्प झाले ते अंगावर आलं. मग आतषबाजीचा पहिला बाण उडाला, लगेच दुसरा. दुसरा उडाला म्हणजे सगळे बैल कोंडवाड्याबाहेर पडले. मी एस्ताफेताच्या मध्यावर होतो. ताशी वीसेक किलोमीटरच्या वेगाने येणाऱ्या पाच-सहाशे किलोच्या जनावरापुढे कोणी ८७५ मीटर धावत नाही, धावूच शकत नाही. मी तीस-चाळीस पावलं धावलो आणि भिंतीला चिकटलो. डाव्या खांद्याजवळून एक काळा बैल गेला. त्याच्या श्वासाचा आवाज मला आजही ऐकू येतो.

१९१० पासूनच्या नोंदींत तिथे १६ जणांचा मृत्यू झालाय. शंभरावर वर्षांत, दर सकाळी हजारोंनी धावणाऱ्यांत. बहुतेक दुखापती पडून, आपटून, तुडवलं गेल्याने होतात, शिंगाने नाही. तुझ्या मित्राने दोन पेले घेतले होते हे चूकच, आणि दारू प्यायलेल्याला तिथले पोलीस स्वतःच बाहेर काढतात. पण तुझं म्हणणं दारूपुरतं नाही. तू म्हणतोस बाहेरच्याने धावूच नये. हे मला मान्य नाही. अठरा वर्षं पूर्ण असलेल्या माणसाचा जीव त्याचा असतो.

भटका_पाय

तू गल्ली तीन वेळा चाललास, दारू टाळलीस, कोणालातरी विचारलंस. तुझी एक रात्र आणि माझ्या मित्राची एक रात्र सारखी नव्हती. पण "त्याचा जीव त्याचा" याला माझा विरोध आहे. त्या गल्लीत एकट्याचा जीव एकट्याचा नसतोच. एक पडला की मागचे चार पडतात. २०१३ मध्ये रिंगणाच्या तोंडाशी, जिथे वाट एकदम अरुंद होते, तिथे माणसांचा ढीग झाला आणि बैल त्या ढिगावर येऊन अडकले. दाराच्या त्या बोळात खाली दबलेल्यांना श्वास घेता येत नव्हता.

१९९५ मध्ये २२ वर्षांचा एक अमेरिकन मुलगा तिथे जीवानिशी गेला. पडलास तर उठू नकोस, डोकं हातांत झाकून पडून राहा, बैल ओलांडून जाऊ दे, हा तिथला पहिला धडा आहे. तो पडला आणि उठून उभा राहिला. आपण घाबरलो की उठतोच, हो ना? ते अंगात मुरलेलं असावं लागतं, वाचून येत नाही.

वाऱ्यावर

२००९ चा शेवटचा मृत्यू मात्र एका स्पॅनिश तरुणाचा होता, रात्रीची बस पकडून आलेल्या परदेशी पोराचा नव्हता. शिंग जात-पात, पासपोर्ट बघत नाही. हिंदी सिनेमात २०११ मध्ये तो प्रसंग आल्यापासून आपली किती मुलं तिथे जातात. त्यांना "जाऊ नका" म्हणण्यापेक्षा नीट सांगितलेलं बरं. म्हणूनच मी वळणाचं, वर्तमानपत्राचं एवढं लिहिलं.

मुळाकाठ

वर चार प्रतिसाद झाले. माणूस धावावा की नाही, पडावा की उठावा. बैलांचं काय, हे कोणी विचारलेलं नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

सकाळी धावलेले ते सहाच्या सहा बैल त्याच संध्याकाळी साडेसहाला रिंगणात मारले जातात. आठ सकाळी, रोज सहा, म्हणजे ४८ बैल. धाव हा वेगळा खेळ नाही. एन्सिएरो या शब्दाचा अर्थच कोंडणं. बैलांना रिंगणाच्या कोंडवाड्यात नेऊन कोंडायचं, यासाठी ही धाव सुरू झाली. ते जनावर चार-पाच वर्षं मोकळ्या माळावर वाढलेलं असतं, पायी चालणारा माणूस त्याने जवळून बघितलेलाही नसतो. त्याला अचानक दगडी गल्लीत, हजारोंच्या आरड्याओरड्यात सोडायचं.

आदल्या रात्री त्याच बैलांना शहराच्या कडेच्या गोठ्यातून सांतो दोमिंगोला आणतात, तेव्हा काय करतात ठाऊक आहे? अंधार. दिवे नाहीत, कॅमेऱ्याचा झोत नाही, बघणाऱ्यांनी आवाज करायचा नाही. बैल शांतपणे, कोणालाही इजा न करता जातात. म्हणजे त्यांना कसं न्यावं हे त्या गावाला नीट माहीत आहे. सकाळी तेच बैल वेगळ्या रीतीने नेतात ते माणसांच्या मजेसाठी.

तुम्ही कुंपणावर बसलात काय आणि आत उतरलात काय, गर्दीत एकाची भर घातलीत. मी तुमच्या जागी त्या बसमध्येच चढले नसते.

दावण

मी खेड तालुक्यातला. आमच्याकडे बैलगाडा शर्यत पिढ्यान्‌पिढ्या. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी घातली तेव्हा आमच्या दारात दोन खोंडं होती आणि माझे वडील आठवडाभर जेवले नाहीत नीट. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली, २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ती कायम केली. त्या सात वर्षांत शहरातले लोक आम्हाला निर्दयी म्हणाले. बैलाला पोरासारखं सांभाळणारी माणसं आम्ही. घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, बारी झाली की बैल घरी येतो, त्याला गरम पाण्याने शेकतात, त्याच्यापुढे खुराक ठेवतात. म्हातारा झाला तरी दावणीला असतो, आणि गेला की शेतात पुरतात.

म्हणून मुळाकाठताईंच्या एका मुद्द्याला माझं हात वर करून समर्थन. संध्याकाळी मारायचाच तर सकाळी कशाला पळवता? आमच्यात हे कोणाला पटणार नाही. पण दुसरा मुद्दा पटला नाही. एक दिवस जाऊन किंवा न जाताच निकाल देणं, हे आमच्याबाबत झालंय आणि त्याचा त्रास काय असतो ते मला माहीत आहे. त्या झुंजींचं आयोजन तिथली एक जुनी धर्मादाय संस्था करते आणि उत्पन्नातून वृद्धाश्रम चालतो, असं मी वाचलंय. म्हणजे त्या गावाचंही काहीतरी गुंतलेलं आहे त्यात. आधी ते समजून घ्यावं.

मुळाकाठ

दावणदादा, तुमच्या घरच्या बैलांबद्दल मला शंका नाही. पण काठी, चाबूक, विजेचा झटका यांवर नियमात बंदी घालावी लागली, कारण ते कुठेतरी होत होतं. आणि वृद्धाश्रमासाठी पैसे उभे करायला बैल मारावे लागत नाहीत. जगातली बाकीची गावंही म्हाताऱ्यांना सांभाळतातच.

साष्टीकर

गोव्यातून. आमच्याकडे धिरयो, बैलाशी बैलाची झुंज. कोर्टाची बंदी येऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी शेतात पहाटे चालूच असतात. बंदीने बैल वाचले नाहीत, फक्त पशुवैद्य यायचे बंद झाले. मी बंदीच्या विरोधात नाही. बंदी घालून पाठ फिरवली तर काय होतं ते बघितलंय, इतकंच.

जुई

धाग्यात आतापर्यंत जे कोणी गेले ते पुरुष, म्हणून लिहितेय. "राहायची सोय काहीच नव्हती, हिरवळीवर झोपलेले लोक" हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला. २०१६ च्या सान फेर्मीनमध्ये, उत्सवाच्या पहिल्याच रात्री, पाच पुरुषांनी १८ वर्षांच्या मुलीला एका इमारतीच्या दारात नेऊन सामूहिक बलात्कार केला. खालच्या कोर्टाने त्याला बलात्कार म्हटलं नाही, लैंगिक गैरवर्तन म्हणून नऊ वर्षं दिली. त्यानंतर स्पेनभर बायका रस्त्यावर उतरल्या. २०१९ च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो बलात्कारच ठरवून पंधरा वर्षं केली, आणि २०२२ मध्ये स्पष्ट होकार नसेल तर तो गुन्हा, असा कायदा झाला. त्या मुलीने हे सगळं सोसलं तेव्हा कुठे.

मी गेलेय पाम्प्लोनाला. दोन मैत्रिणींबरोबर, खोली सान सेबास्तियानला घेऊन, पहाटेच्या पहिल्या बसने. उत्सव मला आवडला, खोटं कशाला बोलू. सकाळी कागदाच्या लगद्याच्या उंचच उंच राजा-राणीच्या मूर्ती निघतात, बाजूने पोरं पळतात, आज्या खिडकीतून पाणी ओततात, ती सकाळ मी विसरणार नाही. पण तिन्हीसांजेला आम्ही परतीच्या बसमध्ये होतो. "एका रात्रीत ठरवून गेलो" ही मोकळीक मला नव्हती, आणि ती का नव्हती याचा विचार या धाग्यात व्हावा.

आणखी एक. "ज्यांची गल्ली त्यांची धाव" हे भटका_पाय म्हणतात ना, तर १९७४ पर्यंत बायकांना तिथे धावायला बंदी होती, अगदी त्याच गल्लीत जन्मलेल्यांनासुद्धा. गल्ली कोणाची हे ठरवणारे कोण, हे जरा बघून बोलावं.

वाऱ्यावर

जुई, हे मला सुचलंच नव्हतं. रात्रभर एकटा फिरत होतो आणि ते मला सोपं वाटलं. तुमचं बरोबर आहे. गावात लाल पंजाचे बिल्ले बघितले होते, अत्याचाराविरोधातली मोहीम आहे इतकंच कळलं होतं. त्यामागचं आज नीट समजलं.

धावण्याबद्दल मात्र माझं मत तेच.

भटका_पाय

जुई, "गल्ली ज्यांची" हे शब्द मागे घेतो. मला म्हणायचं होतं की ज्यांनी तयारी केलीय त्यांची. त्यात बाई, पुरुष, बाहेरचा, आतला काही येत नाही. माझ्या मित्राची तयारी नव्हती आणि मी पुन्हा त्याचा दंड धरेन.

मुळाकाठ

भटका_पाय, एकच विचारायचं होतं. संध्याकाळची झुंज बघितलीत का?

भटका_पाय

नाही. आम्ही शेवटच्या टप्प्यावर, रिंगणाजवळच्या कुंपणावर बसलो होतो. तिथून बैल पाचेक सेकंद दिसले. पाच एका घोळक्यात गेले, एक तपकिरी मागे राहिला होता. तो थांबला, डावी-उजवीकडे बघितलं, मग हिरव्या सदऱ्यातला काठीवाला गुराखी मागून आला आणि तो आत गेला. त्यानंतर सगळे टाळ्या वाजवत होते, मीही वाजवल्या.

दुपारी दोनची परतीची बस होती. साडेसहाला आम्ही अजून वाटेतच होतो. मी घड्याळ बघितलं होतं. मित्र शेजारी झोपला होता, त्याच्याशी बोललो नाही.