एकाच जिल्ह्यातल्या दोन बहिणी, एकीला सगळं शिकवलं, दुसरीचा धडाच गाळला

राजेंद्रनगरवाली:
इंदूरचं कोणी आहे का इथे? माझी मुलगी दहावीत, सीबीएसई. पुतणी पण दहावीतच, पण देपालपूरकडे सरकारी शाळेत, एमपी बोर्ड. सायन्सचं पुस्तक दोघींचं एनसीईआरटीचंच, फक्त एकीचं इंग्रजी एकीचं हिंदी. त्यातला प्रजननाचा धडा आमच्या इथे काउन्सेलर मॅडमनी मुलं-मुली एकत्र बसवून दोन दिवस घेतला, चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न टाका म्हणाल्या. तिकडे सरांनी अमीबा झाला, फूल झालं आणि माणसाचं आलं तसं "आगे का घर पे पढ़ लेना" म्हणून पुढचा धडा काढला. दिवाळीत दोघी अभ्यासाला बसल्या तर पुतणीला वाटत होतं कॉपर-टी (गर्भ राहू नये म्हणून बसवतात ती) म्हणजे विजेच्या धड्यातलं काहीतरी 😐 आधी हसले, मग नाही हसू आलं. हे ठरवतं कोण? आणि जाऊन बोलायचं कोणाशी?

चॉकवाला_मास्तर:
वहिनी, मी सरकारी शाळेतच आहे म्हणून सांगतो. कागदावर उलट आमच्याकडे जास्त आहे. २०१८ पासून आयुष्मान भारतमध्ये शाळा आरोग्य कार्यक्रम आहे, प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, एक सर एक मॅडम, त्यांनी दर आठवड्याला ११ विषयांवर बोलायचं, त्यात हे पण आलं. माझं ट्रेनिंग झालं, जोडीच्या मॅडमची बदली झाली, नवीन मॅडमचं ट्रेनिंग राहिलंय, आता दहावीच्या मुलींसमोर मी एकटा काय बोलू? गावात दुसऱ्या दिवशी सरपंच दारात. त्यात पेपरला फुलाची आकृती आली की मुलगा पास, मग बाकीचं कोण कशाला शिकवतो. गाळलं तर विचारणारं कोणी नाही, शिकवलं तर सगळे विचारतात.

नाना_इंदौरी:
आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, काय अडलं? घरचे संस्कार पाहिजेत.

सराफा_रात्री_११:
नाना, तुमच्या वेळी मुलींना "कावळा शिवला" एवढंच सांगायचे, विचारा काकूंना काय अडलं ते. बाकी ही भीती जुनी आहे. २००७ मध्ये किशोरावस्था शिक्षणाचा कार्यक्रम आपल्या मध्य प्रदेशनेच थांबवला होता, महाराष्ट्र, गुजरात पण त्यात होते. कार्यक्रम वेगळ्या नावाने परत आला पण मास्तरांच्या मनातली भीती कुठे जाते. इकडे सरकार मुलींच्या खात्यात पॅडचे ३०० रुपये टाकतं, छान आहे, पण पाळी का येते ते वर्गात सांगायला माणूस नाही. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की नववीपासून नको, त्याच्याही आधीपासून शिकवा. आपण दहावीत पण पानं उलटतोय!

राजेंद्रनगरवाली:
मास्तर, मग जाऊबाईंनी शाळेत जाऊन काय म्हणायचं? त्या लाजतात हो फार.

चॉकवाला_मास्तर:
सेक्स एज्युकेशन हा शब्दच काढू नका. प्राचार्यांना एवढंच विचारायचं की आरोग्य कार्यक्रमाचे दोन शिक्षक कोण आणि तास कोणत्या वारी असतो. मॅडम नसतील तर आरोग्य केंद्रातल्या एएनएम ताईंना, म्हणजे नर्सबाईंना, बोलवा म्हणायचं, त्या येतात, आमच्याकडे आल्या होत्या. दोन-तीन आया मिळून गेल्या तर बरं. पण मुलांना त्या वेळी ग्राउंडवर नका पाठवू म्हणावं, आमच्या इथे तेच झालं.