मदत हवी आहे: किमान लांबीचा नियम आणि 40 मिमीचा चौकोनी खोला, सोसायटीत अंमल कसा करावा?

बंदरकाठ
नमस्कार मंडळी. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या मच्छीमार सोसायटीत ट्रॉलर (जाळं ओढत नेणारी), डोल (प्रवाहात रोवलेलं पिशवीसारखं जाळं) आणि दालदी (मासा अडकवणारं पडद्यासारखं जाळं) अशा तिन्ही प्रकारच्या होड्या आहेत. मत्स्यव्यवसाय विभागाने नोव्हेंबर 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पावसाळी बंदी उठली की जेट्टीवर आपली आपणच तपासणी करायची, असा ठराव झालाय. लांबी नेमकी कशी मोजायची, म्हणजे वाद होणार नाहीत? ट्रॉलरच्या खोल्याला (जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला) 40 मिमीची चौकोनी आस (जाळ्याचं छिद्र) लावताना काय चुकतं? आणि तक्रार करायची तर कुणाकडे? अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहावं.

मोजपट्टी
आधी मोजणीचं सांगतो. फूटपट्टी हातात धरून मोजू नका, त्यानेच भांडणं होतात. एक सपाट फळी घ्या, तिच्या एका टोकाला काटकोनात आडवी पट्टी ठोका आणि तिथून पुढे मिलिमीटरच्या खुणा करा. माशाचं तोंड मिटून नाक त्या पट्टीला टेकवायचं.

पापलेटाची मर्यादा 135 मिमी आहे आणि ती शेपटीच्या खाचेपर्यंत मोजायची. पापलेटाच्या शेपटीची खालची पाती लांब असते, तिच्या टोकापर्यंत मोजलं तर लहान मासासुद्धा मापात बसतो. बोंबील 180 मिमी, तो मात्र शेपटीच्या टोकापर्यंत. बोंबील लिबलिबीत असतो, शेपटी धरून ओढला की सहज वाढतो. त्यामुळे तो फळीवर नुसता ठेवायचा, ताणायचा नाही. घोळ 700 मिमी, तिला मोठी फळी लागेल. कोण काय मोजतंय ते सगळ्यांना दिसावं म्हणून तुमच्याकडे येणाऱ्या दहा-बारा जातींची चित्रं आणि मापं लिहून फलक लिलावाच्या जागीच लावा.

जाळंवाला
खोल्याबद्दल. साध्या जाळ्याची आस डायमंडची, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकाराची असते. खोल्यात मासळीचं वजन आलं की ती ताणली जाते आणि मिटते, मग कागदावर 40 मिमी असलं तरी पिल्लू बाहेर पडत नाही. चौकोनी आस ताणाखालीही उघडी राहते, नियमाचं सगळं मर्म त्यात आहे.

आता चुका. पहिली म्हणजे माप. 40 मिमी हे ताणलेल्या आसेचं माप, त्यात दोन बाजू येतात, म्हणजे चौकोनाची एक बाजू 20 मिमी. काहीजण बाजूच 40 समजून घाबरतात. दुसरी, गाठींचं जाळं 45 अंशांत फिरवून शिवणं. गाठी सरकतात आणि चौकोन तिरपे होतात, म्हणून बिनगाठीचं एचडीपीई (मजबूत प्लास्टिकचं) जाळं घ्या. तिसरी जोडणीची. डायमंडच्या दोन आसांमागे चौकोनाची एक बाजू, हे प्रमाण साधारण जमतं. एकास एक शिवलंत तर चौकोनी भागाचा घेर दुपटीच्या आसपास जातो आणि तो सैल लोंबतो. चौथी मुद्दाम होते: खोला झिजू नये म्हणून त्यावर बारीक जाळ्याचं आवरण घालतात किंवा आतून दुसरा खोला बांधतात. तसं केलं की सगळा खर्च वाया. तपासताना जाळं ओलं असताना, शिवणीपासून लांबच्या वीसेक आसा मोजा. एकाच आसेवर निकाल देऊ नका.

बंदरकाठ
फार उपयोगी. आमचे ट्रॉलरवाले म्हणतात की करंदी गळून जाते. आणि चौकोनी आसेने पापलेटाची पिल्लं सुटतील का?

सागरशास्त्र
करंदीची तक्रार खरी आहे. बारीक करंदी सुटतेच आणि सुरुवातीला पैशांचा फटका बसतो. ठराव करताना हे सभासदांना स्पष्ट सांगा, लपवू नका.

पापलेटाचं उत्तर मात्र नाही असंच आहे. चौकोनी आस गोल अंगाच्या माशांना सोडते. पापलेट उभट आणि चपटं असतं. 100 मिमीच्या पिल्लाच्या अंगाचा घेरही 80 मिमी परिमितीच्या चौकोनातून जाणार नाही. तेव्हा खोला बदलला म्हणजे पापलेट वाचलं, या समजुतीत राहू नका. 2023 मध्येच आपण पापलेटाला राज्य मासा केलं, तर एवढं तरी करायला हवं: पिल्लं ज्या भागात आणि ज्या दिवसांत जाळ्यात येतात तिथून होड्या हलवायच्या. दालदीची आस मोठी ठेवायची. डोलीत तर प्रवाहाबरोबर येईल ते सगळं शिरतं आणि तिथे आस फार वाढवता येत नाही, कारण बोंबील-जवळा जातो. त्यामुळे डोलवाल्यांशी कवीच्या, म्हणजे डोल रोवायच्या, जागांबद्दल वेगळी बैठक घ्या. माझ्या मते जेट्टीवरची फळी हा पुरावा आहे, उपाय नाही. तिथे पोचलेलं पिल्लू मेलेलंच असतं.

नियमवही
कायद्याचं थोडक्यात. मूळ महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981चा, 2021 मध्ये दुरुस्ती झाली. आधी ही प्रकरणं तहसीलदारांपुढे चालायची, आता सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय हेच अभिनिर्णय (निकाल देणारे) अधिकारी असतात. तक्रार जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. त्यात नौकेचा नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, जीपीएसची जागा आणि जाळ्याचा प्रकार हवा. क्रमांक नसेल तर प्रकरण पुढे सरकत नाही.

राज्याची हद्द किनाऱ्यापासून 12 सागरी मैल, त्यापलीकडचा भाग केंद्राकडे, म्हणून जागेची नोंद महत्त्वाची. एलईडी लावून मासेमारी दिसली तर ती दोन्हीकडे बेकायदा आहे. केंद्राचा बंदी आदेश नोव्हेंबर 2017चा. सोसायटीने स्वतः दंड वसूल करायला जाऊ नये, तो अधिकार तुमचा नाही. ठरावात समज देणं आणि त्यानंतर कार्यालयाला कळवणं, एवढ्या दोनच पायऱ्या लिहा.

मोजपट्टी
वहीचे रकाने राहिले: तारीख, नौका, जाळं, मासळीची जात, मोजलेले नग, त्यातले मापाखालचे नग. टोपलीतून वरचेच मासे उचलू नका, मोठे वर लावलेले असतात. टोपली पालथी करा आणि एका कडेचे सलग तीस मोजा.

बंदरकाठ
वही आणि फळी याच आठवड्यात करून घेतो. डोलवाल्यांची बैठक वेगळी लावतोय. कुणाकडे बिनगाठीच्या जाळ्याचा सध्याचा किलोचा भाव असेल तर इथेच टाका.