मदत हवी आहे: भाड्याचं क्लाउड मशीन की घरचा पीसी?

नमस्कार मंडळी. वर्षभर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं रेंडरिंग (दृश्यांची अंतिम चित्रं काढणं) आणि अधूनमधून छोटी एआय मॉडेल्स, दोन्ही कामं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून, भाड्याच्या जीपीयूवर (ग्राफिक्स कार्डवर) करतोय. आता घरीच पीसी बांधावा का, यावर गाडी अडली आहे.

माझा वापर विचित्र आहे. एखाद्या आठवड्यात ४० तास मशीन धापा टाकतं, मग तीन आठवडे हातही लागत नाही. महिन्याचे साधारण ७३० तास, त्यातले माझे ६० सुद्धा होत नाहीत. या हिशोबाने भाडंच परवडायला हवं. पण मशीन बंद ठेवलं तरी डिस्कचं भाडं चालूच, फाइल्स उतरवून घेण्याचे पैसे वेगळे. एकदा शुक्रवारी मशीन बंद करायला विसरलो, लक्षात आलं सोमवारी. (चूक माझीच, पण बिल बघून घाम फुटला!) स्वस्तातलं स्पॉट मशीनही (कंपनी हवं तेव्हा परत घेऊ शकते असं) घेऊन पाहिलं, ते मध्येच काढून घेतलं गेलं आणि अर्धवट रेंडर वाया.

८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल १६ बिटमध्ये चालवायचं तर नुसत्या वेट्सनाच (म्हणजे त्या पॅरामीटरच्या आकड्यांनाच) १६ जीबी व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स कार्डची मेमरी, लागते. म्हणून वापरलेलं आरटीएक्स ३०९० ग्राफिक्स कार्ड बघतोय, त्यात २४ जीबी मिळते. मात्र ते एकटंच ३५० वॉट खातं, आणि २०२० सालचं कार्ड, आधी कुणी क्रिप्टो मायनिंगला (डिजिटल चलन मिळवायला) जुंपलं असेल तर?

असं जुनं कार्ड घेताना नेमकं काय तपासता? आणि क्लाउड सोडून घरी आलेल्या कुणाला पश्चात्ताप झालाय का?