जुन्या मोटारीतला पेट्रोलचा वास: उगम कसा शोधावा?

निळी_सेदान:
नमस्कार. माझ्याकडे १९६७ सालची, कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) सेदान आहे. वडिलांनी ती हौसेने जपली आणि आता मी जपतो आहे. गेले दोन महिने गाडीत पेट्रोलचा वास येतो. बॉनेटखालच्या सगळ्या रबरी नळ्या आणि क्लिपा मी बदलल्या, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, त्याचे गॅस्केट (सांध्यातून गळती होऊ न देणारी पट्टी) नवे घातले. पण वासात तिळमात्र फरक पडला नाही. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवतो, तर सकाळी त्यावर एकही डाग नसतो. मागच्या सीटवर बसणाऱ्या माझ्या मुलीचे दहा मिनिटांत डोके दुखू लागते, म्हणून तिला गाडीत बसवणे सध्या बंद केले आहे. गळती दिसत नसताना वास येतो कोठून, आणि शोधाला सुरुवात कोठून करावी?

पाना_पकड:
पुठ्ठा कोरडा राहिला म्हणून गळती नाही असे समजू नका. पेट्रोल इतके झपाट्याने उडते की बारीक पाझर असेल, तर थेंब धरायच्या आधीच त्याची वाफ होऊन जाते. म्हणून थेंबापेक्षा डाग शोधा. पाझर जिथे पुन्हापुन्हा वाळतो तिथे पिवळसर तपकिरी राप चढतो आणि त्याच्या भोवतीची धूळ धुऊन निघाल्यासारखी दिसते.

त्याआधी सुरक्षिततेचे सांगणे भाग आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती जमिनीलगत, खड्ड्यात आणि डिकीच्या तळाशी साचून राहते, आणि हवेत तिचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असले तरी ठिणगीने पेट घेते. त्यामुळे गाडी बाहेर मोकळ्यावर काढा, दारे आणि डिकी उघडून अर्धा तास वारा लागू द्या आणि मगच बॅटरीची तार सोडवा, कारण तार सुटतानाही ठिणगी उडू शकते. तपासायला काचेचा तापणारा बल्ब घेऊ नका. सीलबंद एलईडी टॉर्च वापरा आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

आता मुख्य प्रश्न: वास नेमका केव्हा येतो? इंजिन गरम असताना गाडी बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांत येत असेल, तर इंजिनाच्या उष्णतेने कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल तापते आहे; त्या काळच्या गाड्यांत या वाटीची वाफ सरळ बाहेरच सुटत असे, तेव्हा बॉनेटपाशी थोडा वास येणे स्वाभाविक आहे. इंजिन चालू असताना समोरून वास येत असेल, तर वाटीत येणारे पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा त्याला बंद करणाऱ्या, पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटला छिद्र पडून तो जड झाला आहे. पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला की आतले पेट्रोल डुचमळलेले ऐकू येते. रात्रभर बंद राहिलेल्या थंड गाडीत सकाळी दार उघडताच वास आला, तर मात्र टाकीकडे वळावे. टाकी किती भरली असताना वास येतो, हेही लिहून ठेवा. तुम्ही आतापर्यंत जे बदलले ते सगळे पुढच्या बाजूचे आहे, आणि वासाची वेळ न पाहता बदलले आहे.

तेलकट_हात:
दोन गोष्टी जोडतो. इंजिनावर बसणारा यांत्रिक फ्युएल पंप असेल, तर डिपस्टिक (इंजिनातले तेल मोजायची पट्टी) काढून तिचा वास घ्या आणि तेलाची पातळी पाहा. पंपाचा पडदा फाटला की पेट्रोल बाहेर न येता तेलात उतरू शकते. पातळी चढलेली दिसली आणि तेल पातळ लागले, तर इंजिन सुरू करू नका, कारण अशा तेलावर बेअरिंगे झिजतात.

दुसरी गोष्ट मुलीच्या डोकेदुखीची. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि डिकीचे रबर कडक झाले असेल, तर सायलेन्सरचा धूरही त्याच वाटेने आत ओढला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. पेट्रोलचा उगम सापडला तरी डिकीचे रबर आणि सायलेन्सरचे सांधे तपासल्याशिवाय तिला मागे बसवू नका.

निळी_सेदान:
आपणा दोघांचे मनापासून आभार. आठवडाभर वही ठेवली. डिपस्टिक ठीक आहे. टाकी काठोकाठ भरली की त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी वास सर्वांत जास्त असतो, डाव्या वळणावर तो एकदम वाढतो, आणि टाकी अर्ध्यावर आली की जवळजवळ नाहीसा होतो. टाकी डिकीखाली आहे आणि भरण्याचे तोंड उजव्या बाजूला.

पाना_पकड:
मग उगम टाकीच्या वरच्या भागात आहे. डाव्या वळणावर पेट्रोल उजवीकडे, म्हणजे तुमच्या भरण्याच्या तोंडाकडे चढते. शिवाय पेट्रोल तापले की फुगते: ५० लिटरची टाकी २० अंशांनी तापली, तर जवळपास एक लिटर जागा जास्त लागते. काठोकाठ भरलेल्या टाकीत ते नळीत चढते. संशयाच्या जागा तीन आहेत: भरण्याच्या तोंडाची जाड रबरी नळी, पेट्रोलच्या काट्याला पातळी कळवणाऱ्या, टाकीवरच्या युनिटखालचे गॅस्केट आणि टाकीची हवा सुटण्याची बारीक नळी.

नाकाला वासाची लवकर सवय होते, म्हणून डिकीत डोके घालून हुंगत बसू नका. प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कापूस ठेवून त्यावर लहान पिशवी दोऱ्याने बांधा आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी पिशव्या एकेक करून सोडवा, दूर उघड्यावर न्या आणि ज्याने गाडीला हात लावलेला नाही अशा माणसाला हुंगायला द्या.

निळी_सेदान:
सापडले. तीन पिशव्या बांधल्या होत्या. त्यांपैकी जाड नळीच्या पिशवीतला कापूस माझ्या पत्नीने हातात घेताच लांब धरला. युनिटच्या पिशवीला किंचित वास होता, हवेच्या नळीची कोरडी होती. टाकी रिकामी करून जाड नळी उतरवली, तेव्हा वरून ती अगदी चांगली, काळीभोर दिसत होती. अंगठ्यांनी वाकवली तर खालच्या बाजूला, क्लिपेच्या कडेलगत, नखाएवढ्या चिरा उघडल्या आणि त्यांच्या आतले रबर चिकट लागले. गाडीत बसवलेली असताना ही बाजू टाकीच्या पत्र्याकडे असल्याने कधीच दिसली नसती. युनिटखालचे बुचाचे गॅस्केट हात लावताच चुरा झाले.

नवी नळी त्याच मापाची, पेट्रोलसाठीच बनवलेली आणली. रेडिएटरची नळी जाडीला जुळत होती, पण पेट्रोलने ती फुगते असे वाचले होते, म्हणून घेतली नाही. डिकीचे रबरही बदलले. काल टाकी तीन चतुर्थांश भरून ठेवली. आज सकाळी दार उघडले तर जुन्या सीटच्या कातड्याचाच वास आला.

तेलकट_हात:
फार बरे वाटले. क्लिपा आठवड्याने एकदा पुन्हा आवळा, नवे रबर थोडे दबते. मुलीला बसवण्याआधी सायलेन्सरचे सांधे मात्र राहू देऊ नका.

निळी_सेदान:
सायलेन्सर उद्याच पाहतो आणि तोवर तिला घरीच ठेवतो.