मदत हवी आहे: प्रावरण घन असेल तर लाव्हा येतो कुठून?

नमस्कार मंडळी,

भाची नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी थर्माकोलचा गोळा कापून पृथ्वीचं अंतरंग दाखवायचंय. मी हौसेनं सगळं प्रावरण लालभडक रंगवलं, वर 'उकळता शिलारस' अशी चिठ्ठीही लावली. तर ही म्हणते, "मामा, भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, पण प्रावरणातून जातात. मग ते घनच ना?" मी गप्प.

जमिनीखाली ३५-४० किमी भूकवच, पुढे २९०० किमीपर्यंत प्रावरण. तो सगळा खडक असेल तर सह्याद्रीचा एवढा कातळ ओतला कुणी? द्रव आहे तो बाह्य गाभा. लाव्हा तिथून येतो का?

आणखी एक. आमचं गाव पाटण तालुक्यात. ११ डिसेंबर १९६७ ची, कोयनेच्या भूकंपाची पहाट आई अजून सांगते. खाली लाव्हा खदखदतोय म्हणून कोयना हलते, असं जुनी माणसं म्हणतात. हे तक्त्यावर लिहू द्यावं का? रविवारी प्रदर्शन आहे.

प्रतिसाद १
भाची बरोबर आहे. प्रावरण घनच, पण डांबरासारखं: हातोडा मारला तर तुटेल, तसंच ठेवलं तर हळूहळू सरकेल. गाभ्यात लोह-निकेल, लाव्हा तिथला नाही. तापलेला खडक वर सरकला की त्यावरचा दाब घटतो आणि उष्णता न वाढताही त्याचा थोडा अंश वितळतो. कुकरमध्ये पाणी शंभराच्या वर जाऊनही उकळत नाही, दाब सोडला की उसळतं, तसंच काहीसं. आपला कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून पसरला, म्हणून शंकूसारखा डोंगर शोधू नका.

कोयनेचं वाक्य मात्र खोडा. तिथे ३ किमी खोल भोक पाडलंय. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट, म्हणजे तोच थिजलेल्या लाव्हाचा कातळ, संपला आणि ग्रॅनाइट लागला. लाव्हा नाही. त्या ग्रॅनाइटमधले जुने प्रस्तरभंग, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलाय त्या भेगा, आधीच ताणाखाली आहेत. धरणाचं पाणी भेगांत मुरतं, दाब वाढतो, पकड सुटते.

धागाकर्ता
फार आभार! मग लाल रंग खरवडू का?

प्रतिसाद १
वरच्या प्रावरणाचा खडक हाती लागतो तेव्हा हिरवट असतो, ऑलिविन या खनिजामुळे. पण तिथल्या तेराशे अंशांना तोही लाल-केशरीच दिसेल. रंग राहू द्या, चिठ्ठी काढा.