मदत हवी आहे : पिकांचे अवशेष जनावरांना द्यावेत की जमिनीला?

नमस्कार. दोन हेक्टरांहून कमी जमीन आणि मोजकी जनावरे असलेल्या कुटुंबाच्या मिश्र शेतीचे नियोजन करताना मी एका प्रश्नापाशी अडलो आहे. कापणीनंतर उरणारा कडबा आणि भुसा जनावरांना किती घालावा आणि आच्छादन म्हणून शेतात किती राखावा?

माणसाला न पचणाऱ्या या काडापासून जनावर दूध, ओढकाम आणि शेणखत देते, शिवाय पीक बुडालेल्या वर्षी घराला आधार त्याचाच असतो. म्हणून चाऱ्यात कपात सुचवायला माझे मन धजत नाही. मात्र सगळे अवशेष गोठ्यात गेले आणि शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत जळाल्या, तर जमिनीतील सेंद्रिय कर्ब घटतो आणि त्याची झळ पुढे घरच्याच धान्याला बसते. गोमूत्र मुरवायला गोठ्यात काडाचा थर नसेल, तर त्यातील बरेचसे नत्र अमोनिया होऊन उडून जाते, हे नुकसान तर कोणी मोजतही नाही.

100 किलो कोरड्या काडावर पाण्यात विरघळवलेला 4 किलो युरिया शिंपडून ते सुमारे 3 आठवडे हवाबंद ठेवण्याची पद्धत मला माहीत आहे. परंतु त्याने काडाची पचनीयता वाढली की जनावर खातेही अधिक; मग शेतासाठी काड खरोखर शिल्लक उरते का? बांधावर चाऱ्याची झाडे किंवा द्विदल आंतरपीक घेऊन हा ताण कमी केलेल्यांनी, धान्याच्या उत्पादनावर झालेल्या परिणामासह, आपला अनुभव कृपया सविस्तर लिहावा.