मदत हवी आहे : जायंट्स कॉजवेची किनाऱ्यावरची पायवाट आईसोबत कोणत्या दिशेने चालावी?

नमस्कार. मेच्या शेवटच्या आठवड्यात आई, धाकटा भाऊ आणि मी नाशिकहून आयर्लंडला जाणार आहोत. डब्लिनला उतरून गाडी भाड्याने घ्यायची आणि आठ दिवस उत्तरेच्या किनाऱ्याने फिरायचे, असे ठरले आहे. त्यातला एक दिवस केवळ पायी चालण्यासाठी राखून ठेवला आहे आणि माझा प्रश्न त्या दिवसाबद्दल आहे.

उत्तर आयर्लंडमध्ये डन्सेव्हरिक किल्ल्याच्या अवशेषांपासून जायंट्स कॉजवेपर्यंत, कड्याच्या माथ्यावरून, साधारण आठ किलोमीटरची पायवाट जाते. कॉजवे म्हणजे बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब, पायरीपायरीने समुद्रात उतरत गेलेले. आईने नाशिकच्या एका शाळेत अनेक वर्षे भूगोल शिकवला. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात, त्या भेगा खोलवर उतरत जातात आणि बहुतेक षटकोनी असे खांब तयार होतात, हे समजावताना ती फळ्यावर याच किनाऱ्याचे चित्र काढत असे. खरे खांब मुलांनी डोळ्यांनी पाहावेत म्हणून एकदा ती अख्खा वर्ग घेऊन अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला गेली होती. त्यामुळे कॉजवेपर्यंत गाडीने जाऊन फोटो काढून परतणे आम्हा दोघा भावंडांना पटत नाही. तिने तिथे चालत पोहोचावे, अशी मनापासून इच्छा आहे.

अडचण तिच्या गुडघ्याची आहे. ती ६७ वर्षांची असून दर रविवारी पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढते. चढताना तिला काही होत नाही, मात्र उतरताना उजवा गुडघा दुखतो आणि दर दहाबारा पायऱ्यांनंतर थांबावे लागते. डन्सेव्हरिककडून निघालो, तर खांब शेवटी दिसतात, जे तिला सर्वात आवडेल. पण त्यासाठी कड्यावरून खाली जाणाऱ्या शेफर्ड्स स्टेप्सच्या १६२ पायऱ्या, आधीच सहासात किलोमीटर चाललेल्या पायांनी उतराव्या लागतील. शिवाय तिथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो, म्हणजे तो सारा वेळ तोंडावर असेल. उलट दिशेने गेलो, तर त्याच पायऱ्या चढायच्या आणि वारा पाठीशी, पण मग खांब सकाळीच पाहून होतील आणि उरलेला दिवस त्यांच्याकडे पाठ करून चालायचे.

तिसरा मार्ग असा सुचतो की, डन्सेव्हरिकहून येऊन पायऱ्या टाळायच्या, माथ्यावरूनच पर्यटक केंद्रापर्यंत जायचे आणि तिथून छोट्या बसने खाली खांबांपाशी उतरायचे. सध्या माझा कल याकडेच आहे. हे ज्यांनी केले आहे, त्यांनी माथ्याच्या त्या शेवटच्या टप्प्यात तीव्र उतार आहे का, हे कृपया सांगावे. पावसानंतर तिथल्या चिखलात घसरायला होते का आणि कड्याच्या बाजूला सलग कुंपण आहे का, हेही कळले तर बरे होईल, कारण वाऱ्यात तोल सांभाळण्याची मला गुडघ्याइतकीच काळजी वाटते.

गाडी कॉजवेपाशी ठेवून कॉजवे रॅम्बलर या ४०२ क्रमांकाच्या बसने डन्सेव्हरिकला जावे आणि गाडीकडे चालत यावे, असा विचार आहे. म्हणजे संध्याकाळी बस चुकण्याची भीती राहणार नाही. ही बस किल्ल्यापाशी हात दाखवल्यावर थांबते, की ठरलेल्या थांब्यावरच थांबते?

व्हिसाचा प्रश्न सुटला आहे. आयर्लंडच्या व्हिसावर बीआयव्हीएस (ब्रिटन आणि आयर्लंड यांची संयुक्त व्हिसा योजना) हा शेरा असल्यामुळे, आधी डब्लिनला उतरून मग उत्तर आयर्लंडला जाता येते. मात्र डब्लिनहून घेतलेली गाडी सीमेपलीकडे नेताना विम्याचा कोणता वेगळा कागद घ्यावा लागला, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

तिथे मेअखेरीस रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा घाई मुळीच नाही. दर अर्ध्या तासाला बसायचे धरले आहे. वाटेत बसण्याजोग्या, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या जागा कोणाच्या लक्षात असतील, तर त्या नेमक्या कुठे आहेत, तेवढे नक्की लिहा.